फळ्यावरची मूत्रवाहिनी

नववीच्या वर्गात उत्सर्जन संस्था शिकवायला लागून मला २२ वर्षं झाली. इंटरमिजिएट ड्रॉइंगला 'ए' ग्रेड होती, त्यामुळे आकृतीचा मला जरा तोराच. लाल खडूने दोन राजम्याचे दाणे, समोरासमोर, एका उंचीवर. त्यांच्या खोबणीतून पिवळ्या खडूने खाली येणाऱ्या दोन सरळ रेघा. तळाशी एक फुगा. मग नावं द्यायची: वृक्क, मूत्रवाहिनी, मूत्राशय. मुलांना डोळे मिटून काढता येते, बोर्डात मार्क मिळतात, आणि आपणही पुढच्या धड्याला मोकळे. त्या दोन पिवळ्या रेघांमधली उजवी रेघ एक दिवस माझ्यावर उलटेल असं काही वाटलं नव्हतं.

एप्रिलचा पहिला आठवडा. मंगळवेढ्यात पारा चाळिशीच्या वर. दहावीचे पेपर तपासायचं काम चालू होतं. गठ्ठा संपेपर्यंत उठायचं नाही, आणि उठायचं नाही म्हणून पाणी प्यायचं नाही, अशी माझी जुनी खोड. पहाटे तीनच्या सुमाराला उजव्या बाजूला पाठीत, बरगडीच्या खाली, काहीतरी आवळल्यासारखं झालं आणि जाग आली. बायको म्हणाली, "अहो, पाठ धरली असेल. दिवसभर वाकून बसता." तिने बाम चोळला. दहा मिनिटांत कळ कुशीतून पुढे सरकली, तिथून जांघेत उतरली आणि मग जिथे पोचली ते बायकोलाही सांगायला मला अवघड झालं. उजवा अंडकोष कुणीतरी मुठीत धरून पिळतंय असं वाटत होतं.

पाठ धरलेला माणूस एका जागी गप्प पडून राहतो. मला एक जागा धरवत नव्हती. पलंगावरून फरशीवर, फरशीवरून गुडघ्यांवर, मग भिंतीला डोकं टेकून उभा. कळ लाटेसारखी यायची, शिगेला पोचायची, पाच मिनिटं जरा उसंत द्यायची, की पुन्हा. त्यात दोनदा उलटी झाली. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. माझं ते लोळणं बघूनच ते म्हणाले, "गुरुजी, मुतखडा दिसतोय." त्यांनी पाठीवर, शेवटची बरगडी आणि मणक्याजवळचा जाड स्नायू यांच्या बेचक्यात, मुठीने हलकंच ठोकलं. मी ओरडलो. डाव्या बाजूला तसंच ठोकलं, काही नाही. डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन कमरेत गेलं आणि वीसेक मिनिटांनी माणसात आलो.

शुद्धीवर आल्यावर पहिला विचार डोक्यात आला तो चमत्कारिक होता: डॉक्टरांनी ठोकलं ते फार वर. 'तुमची किडनी कुठे आहे, हात लावून दाखवा' असं वर्गात विचारलं की पोरं पँटच्या पट्ट्यापाशी हात नेतात. मीही तिथेच नेत होतो. खरी किडनी बाराव्या बरगडीच्या आडोशाला असते. डावी तर अकरावीपर्यंत चढलेली. फळ्यावर मी तिला बेंबीच्या रेषेत बसवली होती.

सकाळी सोनोग्राफी झाली. उजवी किडनी थोडी फुगलेली, तिच्यातून निघणाऱ्या नळीचा वरचा भाग रुंदावलेला, पण खडा दिसत नाही. रिपोर्टात लिहिलं होतं, 'आतड्यातल्या गॅसमुळे मधला भाग दिसू शकला नाही.' मला वाटलं, हे आपलं सांगायचं कारण. तसं नव्हतं. उजव्या किडनीपुढे यकृताची सलग खिडकी असते, तिच्यातून ती छान दिसते. नळीचं खालचं टोक भरलेल्या मूत्राशयातून दिसतं. मधला सगळा पट्टा मात्र आतड्यांच्या मागे, पोटाच्या पार मागच्या भिंतीला चिकटून, आणि आवाजाच्या लहरी हवेतून पलीकडे जात नाहीत. म्हणजे सीटी स्कॅन आला.

त्यासाठी सोलापूर. तासा-सव्वा तासाचा रस्ता, प्रत्येक खड्ड्याला माझी प्रतिक्रिया. सीटी सेंटरवर नाव पुकारलं आणि आतून पांढऱ्या कोटातली मुलगी बाहेर आली ती थेट पाया पडायलाच वाकली. आमच्या शाळेची, २०१२ च्या दहावीची. रेडिओलॉजी करून तिथे लागलेली. "सर, तुम्ही? झोपा, दोन मिनिटांचं काम आहे." खरंच दोन मिनिटांचं होतं. इंजेक्शन नाही, औषध नाही. श्वास धरा, सोडा. नंतर मला म्हणाली, "घाई नसेल तर बसा सर. दाखवते तुम्हाला." विद्यार्थी आणि शिक्षक यांच्या खुर्च्या बदलल्या त्या अशा.

पाव कापावा तसे शरीराचे आडवे काप एकामागून एक पडद्यावर येत होते. पहिल्याच कापाला मी चुकलो. "ही डावी किडनी," असं म्हणून मी डावीकडे बोट दाखवलं. ती हसली. "सर, आपण पायाकडून बघतोय. पडद्याची डावी म्हणजे पेशंटची उजवी. फळ्यावरही तुम्ही तसंच शिकवायचात की." शिकवायचो खरं. आपल्याच पोटात बघताना विसरलो.

मधोमध खाली मणका, पांढरा. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन करडे गोल. "हा सोआस स्नायू. कमरेच्या मणक्यांपासून निघतो, जांघेखालून जाऊन मांडीच्या हाडाला लागतो. मांडी उचलतो तो हाच." त्याच्या बाहेर आणखी एक चपटा, चौकोनी स्नायू, बारावी बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये ताणलेला. या दोघांनी मिळून केलेल्या उतरत्या पन्हाळीत किडनी मागे टेकून बसलेली. तिच्याभोवती चारी बाजूंनी काळी जागा. "ते काळं काय?" "चरबी. किडनी त्या चरबीच्या गादीत असते. एकदम वजन उतरलं तर काही जणांची किडनी खालीही सरकते. तशीही ती प्रत्येक श्वासाला दोन-तीन सेंटीमीटर वर-खाली होते. आत्ता तुम्हाला श्वास धरायला सांगितलं ते त्याच्यासाठीच."

तिने मग तेच चित्र उभं करून दाखवलं, समोरून बघावं तसं. माझे राजम्याचे दाणे सरळ उभे नव्हते. दोघांची वरची टोकं मणक्याकडे कललेली, खालची टोकं बाहेर फाकलेली. सोआस खाली जाताना जाड होत जातो आणि किडनीचं बूड बाहेर ढकलतो. उजवी डावीपेक्षा खाली, कारण तिच्या डोक्यावर यकृत. खोबणी नुसती आत वळलेली नाही, थोडी पुढेही वळलेली. समोरून बघून सपाट काढलेल्या माझ्या आकृतीला मागची बाजूच नव्हती. पाठ नसलेलं पोट काढत होतो मी इतकी वर्षं.

मग नळी. ही मूत्रवाहिनी साधारण २५ सेंटीमीटर लांब, जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाड. डावीकडे सोआसच्या अंगावर एक बारीक ठिपका. ती माउसचं चाक फिरवत खाली येत होती आणि ठिपका स्नायूवरून हळूहळू आत सरकत होता. उजवीकडचा ठिपका फुगून वाटाण्याएवढा. "आता बघा सर." कमरेच्या खोलगट हाडाच्या काठाशी, जिथे पायाकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी दुभागते, तिथे ठिपका त्या रक्तवाहिनीवर चढला, आणि पुढच्या कापात तिथेच पांढराशुभ्र डाग. हाडासारखा. आठ मिलिमीटर. "या नळीत अडकायच्या जागा तीन," तिने बोटं मोडली. "किडनीतून निघते तिथे, या काठावर रक्तवाहिनी ओलांडते तिथे, आणि मूत्राशयाच्या भिंतीत घुसते तिथे. शेवटची सगळ्यात अरुंद. तुमचा दुसऱ्या नाक्यावर अडकलाय." त्या काठानंतर नळी ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीने मागे जाते आणि मग पुन्हा पुढे वळून मूत्राशयाला लागते. माझ्या दोन सरळ रेघांचं काय करायचं, ते मी तिला विचारलं नाही.

एक मात्र विचारलं, आजूबाजूला कुणी नाही बघून आणि घसा खाकरून. खडा पोटात, मग दुखलं तिथे का? वर्गात मी 'अंडकोष' हा शब्द कधी मोठ्याने उच्चारलेला नाही, धडा आला की 'वाचून घ्या' म्हणायचं. ती मात्र सहज सांगत गेली. गर्भात वृषणं तयार होतात ती किडनीजवळच, याच मागच्या भिंतीवर. नंतर ती खाली उतरतात, पण आपला रक्तपुरवठा आणि चेता वरूनच ओढत नेतात. म्हणून वृषणाची धमनी आजही किडनीच्या धमनीच्या जरा खाली, महाधमनीतूनच निघते, आणि डाव्या वृषणाची नीला तर थेट डाव्या किडनीच्या नीलेला मिळते. नळीचा आणि जांघेचा निरोप मज्जारज्जूच्या त्याच मजल्यांवर पोचतो, मेंदूला पत्ता नीट लागत नाही. मला आमच्या गल्लीतल्या एकाच नावाच्या दोन बिऱ्हाडांची आठवण झाली. एकाचं पत्र कायम दुसऱ्याकडे.

तिथून युरोलॉजिस्ट. आठ मिलिमीटर म्हणजे आपोआप पडायची शक्यता कमी, पाचपर्यंतचे बहुतेक पडतात. ताप नाही, दुसरी किडनी ठीक, तेव्हा तीन आठवडे वाट बघू म्हणाले. थंडी वाजून ताप आला तर मात्र रात्री-अपरात्री निघून यायचं, अडकलेल्या लघवीत जंतू शिरले तर ते जिवावरचं असतं. नळी सैल करणारी टॅम्सुलोसिनची गोळी रोज रात्री, आणि लघवी चहाच्या गाळणीतून गाळायची. गाळणी वेगळी ठेवा असं बायकोने चार वेळा बजावलं.

त्या तीन आठवड्यांत सल्ल्यांचा पाऊस पडला. आईने हुलग्याचं माडगं सुरू केलं, सकाळ-संध्याकाळ. मी ते आवडीने प्यायलो, कारण मला ते आवडतं. स्टाफरूममध्ये कुणी पानफुटीची कुंडीच आणून दिली, रोज दोन पानं चावा. चित्रकलेच्या सरांनी कानात बिअर सांगितली. टोमॅटो बंद, वांगं बंद, दूध बंद. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, दूध अजिबात बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम खडा बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच पकडून ठेवतं. मीठ कमी करा, पाणी वाढवा. दोन-तीनदा कळ आली, गाळणीत काही आलं नाही. पुन्हा सोनोग्राफी केली तर किडनी तशीच फुगलेली. दुर्बिणीने काढायचं ठरलं.

ऑपरेशनच्या टेबलावर कमरेच्या मणक्यात इंजेक्शन दिलं. पाय गरम झाले, मग जड, मग परके. भूलतज्ज्ञ म्हणाले, "उजवी मांडी उचला." मी उचलली असं मला वाटलं. ती हललीच नव्हती. सोआस गेला, मी मनात म्हटलं, आणि हे नाव आपल्याला वेळेवर आठवलं याचा त्या परिस्थितीतही आनंद झाला.

पडदा माझ्याकडे वळवायची विनंती केली होती, त्यांनी वळवला. पोटाला छेद वगैरे काही नाही. दुर्बीण लघवीच्याच वाटेने जाते. मूत्राशय आतून फिकट गुलाबी, बारीक रक्तवाहिन्यांची नक्षी. डाव्या बाजूला एक चीर. डॉक्टर म्हणाले, "थांबा, गंमत दाखवतो." काही सेकंदांनी त्या चिरेतून एक पिचकारी उडाली. थांबली. पुन्हा उडाली. डाव्या किडनीची लघवी.

मी वर्गात सांगत आलो होतो की लघवी वरून खाली उतरते, टाकीतून नळाला पाणी यावं तशी. आता मी टेबलावर आडवा होतो, उतार कुठला? नळीच्या भिंतीत स्नायू आहे, तो मिनिटाला काही वेळा वरून खाली आकुंचन पावत जातो आणि घोट-घोट पुढे ढकलतो. गाय डोकं खाली घालून पाणी पिते तेव्हा ते वर चढतं, हे उदाहरण अन्ननलिकेला मी स्वतःच देतो. इथे कधी जोडलं नाही. खडा अडल्यावर कळ लाटांनी का येत होती, तेही तिथेच उमगलं.

उजवीकडची चीर मात्र गप्प होती. तिच्यातून एक बारीक तार वर सरकवली आणि तारेच्या आधाराने दुर्बीण. अरुंद गुलाबी बोगदा. थोडं वर गेल्यावर बोगद्याची एक भिंत उडायला लागली, धप, धप, आणि बाजूच्या मॉनिटरची टिकटिक त्याच तालात. "ही तुमच्या पायाची धमनी, भिंतीपलीकडे," डॉक्टर म्हणाले. दुसरा नाका. आणि त्याच्या जरा पुढेच तो बसला होता, पिवळट तपकिरी, काटेरी, गुळाच्या ढेपेचा तुकडा तुटावा तसा. लेझरचा हिरवा ठिपका त्याच्यावर टेकला आणि त्याची पूड उडायला लागली. हुबेहूब खडूची पूड. डस्टर झटकल्यावर उडते तशी.

पाऊण तासात सगळं झालं. पण या प्रकरणाचा खरा त्रास खड्याने कमी आणि त्यानंतर ठेवलेल्या नळीने जास्त दिला, आणि हे आधी कुणी नीट सांगत नाही. डीजे स्टेंट म्हणतात तिला. २६ सेंटीमीटरची मऊ नळी, दोन्ही टोकांना शेपटीसारखी वळलेली, एक टोक किडनीत आणि एक मूत्राशयात. सुजलेली मूत्रवाहिनी बंद पडू नये म्हणून. दर अर्ध्या तासाला लघवीला जावंसं वाटतं, जरा जिने चढले की लघवी लालसर. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे लघवी करताना पाठीत, वर किडनीपाशी, कळ येते. पहिल्यांदा आली तेव्हा मी घाबरून फोनच केला. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून सरळ भोसकून जात नाही, तिरकी जाते, दीड-दोन सेंटीमीटर भिंतीच्या आतूनच. मूत्राशय भरला, आवळला की तो तिरका भाग चेपून बंद होतो. झडप अशी वेगळी नसतेच. स्टेंटने ती वाट उघडी धरून ठेवलेली, म्हणून जोर केला की लघवी उलटी वर चढते. कळ सहन करत मोरीत उभं असतानाही मला त्या तिरकेपणाचं कौतुक वाटलं. जोर न करता, सावकाश, एवढाच उपाय.

अठराव्या दिवशी स्टेंट काढला. जेल, दुर्बीण, एक हिसका, झालं. तारीख मी कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवली होती, कारण स्टेंट विसरणारी माणसं असतात आणि विसरलेल्या नळीवर खडे चढतात. खड्याच्या पुडीचा रिपोर्ट कॅल्शियम ऑक्झलेट आला. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी, तेवढं पाणी प्या, असं सांगितलं. मेडिकल बिलाची फाइल अजून फिरतेय, तिला मात्र टॅम्सुलोसिन लागू पडत नाही.

यंदा नववीला तो धडा आला त्याच्या आदल्या दिवशी बाजारात गेलो. बोकडाचा गुर्दा मी पूर्वीही वर्गात नेत असे. ज्यांना बघायचं नाही ती मुलं मागे बसतात. खाटीकदादांना 'साफ करून द्या' म्हणायचो. ते चरबी ओरबाडून, नळी मुळाशी छाटून, गुळगुळीत तांबडा दाणा पिशवीत घालायचे, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखा. या वेळी म्हटलं, "चरबीसकट द्या. आणि नळी तोडू नका, मिळेल तेवढी लांब ठेवा." ते माझ्याकडे बघत राहिले. मग टांगलेल्या बोकडाच्या आत हात घालून म्हणाले, "मास्तर, उजवा देतो. तो पाठीला घट्ट असतो. डावा नुसता लोंबतो." का लोंबतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. बोकडाच्या पोटात डावीकडे चाऱ्याची भलीमोठी पिशवी असते, ती डाव्या किडनीला ढकलून मध्यापलीकडे नेते. हे मी घरी येऊन वाचलं. ते मात्र रोज हाताने बघत होते.

वर्गात वर्तमानपत्र पसरून ठेवलं. पांढऱ्या चरबीचा गोळा, त्यात किडनी कुठे आहे तेही दिसत नव्हतं. पोरांनी बोटांनीच चरबी सोडवली. नळीचं टोक सापडायला दहा मिनिटं लागली, कारण ती चरबीच्याच रंगाची. सुई काढलेल्या सिरिंजने निळ्या शाईचं पाणी तिच्यातून वर सोडलं. बाकावर टेकून बघणाऱ्या एकाने नळी चिमटीत दाबून धरली आणि विचारलं, "सर, तुमचा खडा इथं होता का?"

मी त्याची चिमटी दोन बोटं खाली सरकवली.